गाठीला बंदी

बाईंचा सगळा जन्म परीक्षेच्या हॉलमध्ये गेला. बाकांच्या रांगांमधून फिरायचं आणि बाहीत खुपसलेली चिठ्ठी, तळहातावरची बारीक अक्षरं, खोकल्याच्या आवाजात सांगितलेलं उत्तर हे सगळं पकडायचं, एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्या निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही. घरात कुणी डब्यातलं एक बिस्किट जास्त घेतलं तरी त्यांना पाठमोऱ्या बसूनही कळायचं. अशा बाईंच्या हाती अडतीस हजार बायकांचा ग्रुप आला, तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

ग्रुप होता विणकामाचा. नाव ‘सुलट-उलट’. बाईंच्या नणंदेचं लोकरीचं दुकान होतं, तिनंच तो गिऱ्हाइकांसाठी सुरू केला होता. सुरुवातीला पन्नास जणी होत्या. मग कुणी मावशीला घेतलं, कुणी जावेला, कुणी परगावच्या मैत्रिणीला, आणि बघता बघता ग्रुप हाताबाहेर गेला. नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही रिकाम्याच आहात, जरा लक्ष द्याल का? बाई रिकाम्या आहेत असं त्यांना कुणी म्हटलेलं खपायचं नाही, पण लक्ष द्यायला मात्र त्या एका पायावर तयार झाल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत, लोकरीच्या गुंड्यांनी छतापर्यंत भरलेल्या फळ्यांच्या मध्ये, खिडकीजवळ कॉम्प्युटर ठेवला गेला. दुपारी दोन ते पाच बाई तिथे बसायच्या, चष्मा नाकावर, पाठ ताठ, आणि बायकांनी ग्रुपवर काय काय लिहिलंय ते तपासायच्या. बायका मागून त्यांना ‘पर्यवेक्षक’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मग तो लेपवाला उपटला.

कोण, कुठला, कुणाला पत्ता नाही. कुणी लिहिलं की गुडघे दुखतात, की याचा लेप हजर. कुणी लिहिलं मानेवर गाठ आलीय, की लगेच खाली ‘गाठ विरघळवणारा लेप, ऑपरेशनची गरज नाही’. एकदा काढला की दुसऱ्या नावानं यायचा. बाईंनी त्याला माशी हाकलावी तसा हाकलला, पण ग्रुपमधली एक जण त्याच्या नादी लागलीच. उत्तम विणायची ती, तिच्या शाली बघायला बायका दुकानात येत. तिनं छातीतल्या गाठीवर चार महिने लेप लावला. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं. जीव वाचला. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि विणकाम तर सुटलंच. बाई तिला भेटून आल्या आणि दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर बंदीच्या शब्दांची यादी केली. लेप. विरघळ. रामबाण. आणि गाठ.

आता मला सांगा, विणकामाच्या ग्रुपवर गाठीला बंदी! नणंदेनं कपाळावर हात मारून घेतला. अहो वहिनी, लोकर संपली की दुसरी जोडायला गाठ, शेवटी गाठ, गाठीशिवाय बाया बोलणार काय? बाई म्हणाल्या, आलेली पोस्ट मी वाचेन, चांगली असेल तर सोडेन, कुणाचं काही अडणार नाही. नणंद म्हणाली, निदान पाठवणारीला कळू तरी द्या की तुझी पोस्ट अडवलीय. कारण मेख तिथेच होती: पाठवणारीला आपली पोस्ट ग्रुपवर लागलेली दिसायची, बाकी कुणालाच दिसायची नाही. बाईंनी ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. लेपवाल्याला अडवल्याचं कळलं, की तो शब्द बदलून परत येतो. परीक्षेत सुद्धा पकडणार आहोत हे आधी सांगायचं नसतं.

कॉम्प्युटरला काय, शब्द कळतो, अर्थ कळत नाही. निरगाठ अडली, सुरगाठ अडली. ‘लोकरीचं गाठोडं पाठवते’ अडलं. ‘धावत जाऊन बस गाठली’ अडली. एकीच्या सासूबाईंनी ऐंशी गाठली, तिनं फोटोसकट मोठ्या आनंदानं टाकलं, ते अडलं. ‘रविवारी दुकानात सगळ्या जणींची गाठभेट’ हे तर नणंदेनं स्वतः लिहिलं होतं, तेही अडलं, बाई तिथवर पोचेपर्यंत रविवार उलटला आणि कुणीही आलं नाही. जुन्या बायका बोलक्या, त्यांनी दुकानात फोन करून भांडून घेतलं आणि पुढे ‘ती शेवटी मारतात ती’, ‘गा ठ’, ‘गुंत्याची धाकटी बहीण’ असं काहीबाही लिहायला लागल्या. नव्या बायकांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं.

रोज शंभर-सव्वाशे पोस्ट अडायला लागल्या. बाई वाचायच्या, सोडायच्या, थकायच्या. त्यात मोतीबिंदू. डाव्या डोळ्यानं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. ऑपरेशनची तारीख आली, डॉक्टरांनी सांगितलं की निदान पंधरा दिवस कॉम्प्युटरकडे बघायचं नाही. बाई नणंदेला म्हणाल्या, तेवढे दिवस अडलेल्या पोस्ट तू बघ. नणंद रविवारचा राग धरून होती. ती म्हणाली, तुमचा नियम, तुमची रांग, मी हात लावणार नाही. बाईंनीही मग पुन्हा विचारलं नाही. दोघींच्या हट्टापायी अडलेल्या पोस्ट तशाच साचत राहिल्या.

पंधराचे एकोणीस दिवस झाले. बाई परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पडद्याकडे बघून हरखल्या. एवढी अक्षरं असतात होय इथे? त्यांनी साचलेली यादी तळापासून उपसायला घेतली. सर्वांत तळाला ऑपरेशनच्या आदल्या दुपारची पोस्ट होती. नाव ‘दोन सुया’. यादीत पहिलीच ओळ दिसायची: ‘डाव्या बाजूला काखेच्या खाली गाठ आली आहे.’ बाईंना ती आठवली. त्या दुपारी त्यांनी ती दुधाळ डोळ्यांनी पाहिली होती, पुढे उघडलीही नव्हती. मनाशी म्हणाल्या होत्या, काखेतले टाके कमी घातले असतील, घाईनं बाही जोडली की असंच होतं, सावकाश सांगू.

आता त्यांनी पोस्ट उघडली.

‘डाव्या बाजूला काखेच्या खाली गाठ आली आहे. वाटाण्याएवढी आहे, दुखत नाही. अंघोळ करताना हाताला लागली. घरात कुणाला बोलले नाही. इथे सगळ्या बायकाच आहेत म्हणून विचारते. असं कुणाला झालंय का? मी काय करू?’

त्यांनी दुकानाकडे तोंड करून नणंदेला हाक मारली, ती अशा आवाजात की हातातला लोकरीचा गुंडा टाकून ती धावत आली. तिनं वाचलं. वाचून ती शेजारच्या स्टुलावर बसली. एकोणीस दिवस. दुसरी कुणी असती तर बोलली असती, मी सांगत होते ना. नणंद तसं काही म्हणाली नाही, कारण त्या एकोणीस दिवसांत ती रोज याच खोलीत चहा पीत होती.

बाईंनी ताबडतोब ‘दोन सुया’ला मेसेज लिहायला घेतला. जाईना. शोधल्यावर कळलं, ती आठ दिवसांपूर्वीच ग्रुप सोडून गेली होती. खरं नाव नाही, फोटो नाही, गाव नाही. बाईंना लेप लावून घेतलेली ती शालीवाली दिसायला लागली, तिचा तो वर न जाणारा हात दिसायला लागला. लेपवाल्याला अडवायला म्हणून आपण दार लावलं आणि हिला बाहेर उभी ठेवली, असं त्या तीन-तीनदा बोलल्या. नणंदेनं त्यांना पाणी दिलं आणि ‘दोन सुया’चे जुने फोटो काढले. दोनच होते. एक अर्धवट मफलर आणि एक बिनबाह्यांचा स्वेटर, शेवाळी रंगाचा.

नणंद पडद्याला नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली की ही लोकर तिच्याच दुकानातली. शेवाळीचा तो एकच गठ्ठा आला होता, रंग कुणाला आवडला नाही, जेमतेम चार जणींनी घेतला. त्यातल्या तिघी रोजच्या ओळखीच्या. चौथीनं पार्सलनं मागवला होता. पार्सलच्या वहीत नाव-नंबर असणार.

आता गंमत बघा. ग्रुपमधल्या कुणाचीही खरी ओळख शोधायची नाही, हा नियम बाईंचाच. मोठ्या अक्षरांत वर लावलेला. आणि बोलू द्या की लोकांना म्हणणारी नणंद, ती वही हातात धरून दारात अडून राहिली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हिनं घरात कुणाला सांगितलं नाही असं स्वतः लिहिलंय. टोपणनावानं विचारलंय. आपण फोन लावला आणि नवऱ्यानं उचलला, सासूनं उचलला, तर? तिची गोष्ट तिच्याआधी आपण तिच्या घरात फोडायची? बाईंना नियम मोडायची सवय नव्हती, मोडताना काय करायचं असतं हेच त्यांना उमगेना. शेवटी म्हणाल्या, नंबर दे. काय बोलायचं ते मी बघते.

फोन नवऱ्यानंच उचलला. बाईंनी सांगितलं की त्या लोकरीच्या दुकानातून बोलताहेत, घरातल्या बाईंनी गाठीबद्दल काही विचारलं होतं, उत्तर द्यायचं राहून गेलं. त्या शब्दासरशी नणंदेनं डोळेच मिटले. पण नवरा हसला. म्हणाला, हो का, विणकामाचं मला काही कळत नाही, ती घरात नाही, आल्यावर करायला सांगतो. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. या एका शब्दाला इतके अर्थ आहेत याबद्दल त्यांनी पहिल्यांदाच आभार मानले. आणि ठेवता ठेवता नवरा सहज बोलून गेला की ती हॉस्पिटलात गेलीय, कसला तरी रिपोर्ट आणायचाय म्हणाली, बहुतेक डोकेदुखीचा.

तेव्हा वाजले होते पावणेतीन. पुढचे दोन तास त्या खोलीत कसे गेले ते विचारू नका. नणंदेनं एक गुंडा सोडवला, परत गुंडाळला, परत सोडवला. बाई पडद्यासमोर बसून एकेक पोस्ट सोडत होत्या, निरगाठी, सुरगाठी, गाठोडी, गाठीभेटी, सगळ्या. शेवटी त्यांनी बंदीच्या यादीतून तो शब्दच पुसून टाकला. नणंदेनं विचारलं, मग लेपवाला मोकाट? मोकाट कसला, बाई म्हणाल्या. त्याला अडवायचाच. पण शब्दाला नाही, माणसाला. आणि ज्या पोस्टची शंका येईल ती थांबवायची, आणि थांबवलीय असं पाठवणारीला तिथल्या तिथे सांगायचं, आपल्या नावानिशी, दुकानाच्या फोन नंबरासकट.

नणंद म्हणाली, म्हणजे लेपवाल्यालाही कळणार.

“कळू दे. तो परत येईल, मी परत पकडेन,” बाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी? पण पकडता येत नाही म्हणून अख्ख्या वर्गाची तोंडं बांधली नव्हती कधी. ते इथे येऊन केलं.”

नणंदेनं मग स्वतःचंही सांगून टाकलं. रांगेला हात लावणार नाही म्हटलं ते चुकलं, रविवारचा राग होता. बाईंनी मान हलवली. दोघींचं भांडण मिटलं, पण त्याचा आनंद काही कुणाला झाला नाही. दोघींचे डोळे फोनवर.

पावणेपाचला फोन वाजला. बाईंनी पहिल्या घंटीला उचलला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडे तरुण आवाज, जरा घाबरलेला. तुम्ही घरी फोन केला होता का म्हणून विचारत होती. बाईंनी आधी सांगून टाकलं की नवऱ्याला काही कळलेलं नाही, विणकामाचंच सांगितलंय. पलीकडून ‘बरं केलंत’ आलं. एवढा मोठा हॉल एका नजरेत गप्प करणारी बाई, तिच्या तोंडून प्रश्न फुटेना. शेवटी नणंदेनंच विचारलं, रिपोर्ट काय आला?

“साधी निघाली,” ती म्हणाली. “चरबीची. काढायचीही गरज नाही म्हणाले.”

नणंदेनं बाईंचा दंड इतका करकचून धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठला. बाईंच्या नव्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. डॉक्टरांनी पाणी येऊ देऊ नका सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण! एकोणीस दिवसांत काही बिघडलं नव्हतं. कुणाचं काही गेलं नव्हतं. बाईंना वाटलं, आत्ता उठावं आणि रस्त्यावरच्या पहिल्या माणसाला मिठी मारावी. हे वाटणं त्यांच्या स्वभावात अजिबात बसत नव्हतं.

ती पोरगी सांगत होती. अकरा दिवस वाट पाहिली. रोज सकाळी उठून आधी ग्रुप बघायचा. मफलरच्या फोटोला दोनशे जणी ‘छान’ म्हणतात, आणि हिच्या प्रश्नाखाली एक अक्षर नाही. मग तिनं ग्रुप सोडला आणि एकटीच दवाखान्यात गेली. तपासणी, सुई, रिपोर्ट, सगळीकडे एकटी. ती रागानं बोलत नव्हती, तेच बाईंना जास्त लागलं. वर म्हणाली, तेव्हा कुणी लेपबिप सुचवला असता ना, तर मी लावला असता, इतकी घाबरले होते, खोटं कशाला बोलू.

नणंदेनं बाईंकडे पाहिलं. बघा, तुमच्या बंदीनं हे तरी झालं, असं त्या बघण्यात होतं. आणि खरंच, तिथे थांबता आलं असतं. पोरगी सुखरूप होती, तिला काही ठाऊक नव्हतं, फोन ठेवला असता तर कुणी विचारायला आलं नसतं. नणंदेनं हातानं ‘पुरे’ अशी खूणही केली. बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “तुझा प्रश्न ग्रुपवर आलाच नाही. मी अडवला होता. गाठ हा शब्द असला की अडायचा, असा नियम मी केला होता. तुला लागलेला दिसत होता, पण तो दुसऱ्या कुणाला दिसत नव्हता. मी पहिली ओळ वाचली, मला वाटलं स्वेटरचं आहे. चूक माझी.”

बाईंनी बोलणी खायची तयारी केली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली असती.

“म्हणजे कुणी वाचलाच नव्हता?”

“कुणीच नाही. मी सोडून. आणि मी पण अर्धाच.”

“एवढ्या सगळ्या जणींपैकी एकीनं पण नाही?”

“एकीनंही नाही, बाळ.”

आणि पोरगी रडायला लागली. हमसाहमशी, नाक ओढत, मध्येच हसत. बाई घाबरून नणंदेकडे बघायला लागल्या. थोडा वेळ गेल्यावर ती बोलू शकली. म्हणाली, रिपोर्ट हातात आला तेव्हा नाही हो मी रडले. तिथे बाकावर बसून राहिले नुसती. मला वाटत होतं, अडतीस हजार बायकांनी वाचलं आणि एकीलाही दोन शब्द लिहावेसे वाटले नाहीत. मरेना का, असं म्हणून पुढे गेल्या. गाठीपेक्षा तेच छातीवर बसलं होतं.

बाईंनी फोन आणखी जवळ ओढला.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, मग आता सोडाल का ती पोस्ट? बाईंना कळेना. आता कशाला, रिपोर्ट तर आला. असू दे, ती म्हणाली, आहे तशी सोडा, मला बघायचंय. नणंदेनं तिला ग्रुपवर परत घेतलं. बाईंनी पोस्ट शेवटच्या अक्षरापर्यंत पुन्हा वाचली आणि सोडली.

मिनिटभर काहीच झालं नाही. ते मिनिट बाईंना एकोणीस दिवसांपेक्षा लांब गेलं. मग पहिली कमेंट आली. पोरगी फोनवर मोठ्यानं वाचायला लागली, एकेक शब्द सुटा.

“‘उद्या सकाळीच डॉक्टरकडे जा. घाबरू नकोस.’ पुढची. ‘मला झालं होतं, साधी होती, पण दाखवलंच पाहिजे.’ पुढची. ‘कुठे राहतेस? सोबत कुणी नसेल तर मी येते.’ पुढची पण तेच म्हणतेय, मी येते. अहो, या तर भराभर यायला लागल्या. ‘लेप लावू नकोस, मी लावला होता, माझं ऐक.’”

ती शेवटची कमेंट शालीवालीची होती. त्या अधू हातानं टाइप करायला तिला वेळ लागत असणार, तरी ती चौथ्या मिनिटाला हजर होती.

पोरगी वाचत राहिली. तिनं सांगायला हवं होतं की झालंय सगळं, रिपोर्ट चांगला आलाय, उगाच काळजी करू नका. बाईंनी तशी आठवणही करून दिली. हो, सांगते, सांगते, ती म्हणाली, अजून चार वाचू द्या. समोर दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, पण नणंद उठली नाही. बाईंनीही तिला ऊठ म्हटलं नाही.